एका दिवसात तीन ठिकाणं? नको, काकू

वाचकाचं पत्र:

"ताई, आम्ही नाशिकचे. हे ७१ वर्षांचे, गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. मी ६६. जुलैपासून मुलीकडे इंग्लंडमध्ये, स्लावला आलोय, सप्टेंबरअखेर परतणार. मुलगी-जावई दोघंही नोकरी करतात, शनिवार-रविवार नातवंडांचे क्लास आणि आठवड्याच्या बाजारात जातो. मुलीने आमच्यासाठी बसची एक सहल शोधली आहे. लंडनच्या व्हिक्टोरियाहून निघायचं आणि विंडसर, स्टोनहेंज, बाथ अशी तिन्ही ठिकाणं एका दिवसात करून परत. तुम्ही दोघंच जाऊन या म्हणते. ह्यांचा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. चालतात, पण सावकाश. मला इथल्या लोकांचं इंग्रजी पटकन कळत नाही. बस आम्हाला सोडून गेली तर काय करायचं, बाथरूमचं काय, ही धास्ती आहे. हे म्हणतात, कशाला एवढा खर्च, दगड फोटोत दिसतातच. मुलीचं मनही मोडवत नाही. आम्ही जावं का?"

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार. जा. दोघंच जा. फक्त मुलीने शोधलेली ती सहल घेऊ नका.

आधी नकाशा पाहा. स्लाव लंडनच्या पश्चिमेला आहे. विंडसरचा राजवाड्याचा किल्ला, स्टोनहेंजचं प्राचीन दगडी वर्तुळ आणि बाथ हे गरम झऱ्याचं शहर, ही तिन्ही ठिकाणंही पश्चिमेलाच. म्हणजे तुम्ही भल्या पहाटे उठून पूर्वेला व्हिक्टोरियाला जाणार, तिथे बसमध्ये बसणार आणि ती बस तुम्हाला तासाभराने विंडसरला आणून सोडणार. स्लाव स्टेशनवरून विंडसरला छोटी गाडी सहा मिनिटांत जाते, मधे एकही स्टेशन नाही. जे ठिकाण तुमच्या दाराशी आहे, ते पाहायला लंडनचा वळसा घालून जायचं आणि त्यासाठी दिवसाचे दोन तास खर्च करायचे, हे मला पटत नाही.

आता उरलेला हिशोब काकांनाच मांडू द्या. विंडसर ते स्टोनहेंज दीड-दोन तास, स्टोनहेंज ते बाथ तासभर, बाथ ते लंडन अडीच-तीन तास. सकाळचा लंडन-विंडसरचा तास धरला, तर सहा-सात तास नुसते खुर्चीत जातात. बारा तासांच्या सहलीत पाच-सहा तास उरतात, ते तीन ठिकाणांत वाटायचे. त्यातच रांगा, चढ-उतर, जेवण आणि बाथरूम.

हे मी अनुभवावरून सांगतेय. नऊ वर्षांपूर्वी माझे आई-बाबा कोल्हापूरहून आले होते, तेव्हा मीही हौसेने अशीच तीन ठिकाणांची सहल काढली. बाथला पोहोचेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले होते आणि हाती पासष्ट मिनिटं होती. तिथे गेल्यावर कळलं की रोमन स्नानगृहाचं तिकीट आमच्या पैशांत धरलेलंच नाही. ते बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. बाहेर लांब रांग. बाबा ॲबी या मोठ्या चर्चसमोरच्या चौकात बाकावर बसून राहिले. आईने सोबत आणलेली दशमी काढली, दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली, आणि बसची वेळ झाली. रात्री घरी आल्यावर बाबांनी मला विचारलं, "ते गरम पाणी नेमकं होतं कुठे?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाबा आता नाहीत. म्हणून तुमचं पत्र आल्या दिवशीच उत्तर लिहायला बसले.

तर तुम्ही फक्त स्टोनहेंज आणि बाथ अशी दोन ठिकाणांची सहल घ्या. अशा सहली पुष्कळ आहेत. स्टोनहेंजला बसनेच जाण्यात शहाणपण आहे, कारण तिथे रेल्वे नाही. जवळचं स्टेशन सॉल्सबरी, तेही पंधरा किलोमीटरवर, पुढे पुन्हा दुसरी बस शोधायची. कोच, म्हणजे सहलीची मोठी बस, तुम्हाला थेट दारात नेतो, तिकिटाची वेळ कंपनीने आधीच घेतलेली असते आणि वाटेत गाईड माहिती सांगत जातो.

बुकिंग करण्याआधी मुलीला तीन गोष्टी शोधून काढायला सांगा. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ मिळणार? किती ठिकाणं दाखवणार, याला महत्त्व नाही. स्टोनहेंजला दीड तासापेक्षा कमी आणि बाथला अडीच तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर दुसरी सहल पाहा. दोन्हीकडचं प्रवेशतिकीट धरलंय का? आणि गाईड वेगळा आहे की ड्रायव्हरच बोलणार आहे? ड्रायव्हर चांगलं बोलतात, पण ते गाडीपाशी थांबतात. तुमच्याबरोबर खाली उतरून चालणारा माणूस असला, तर पहिल्या खेपेला धीर राहतो. इथे ब्लू बॅज नावाची गाईडांची परीक्षा असते. ती दीड-दोन वर्षांच्या अभ्यासाची आहे. तो निळा बिल्ला लावलेला गाईड मिळाला, तर पैसे वसूल झाले म्हणून समजा. ज्येष्ठांना सवलत असते का, तेही विचारून घ्या आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत पर्समध्ये ठेवा.

गुडघ्याबद्दल बुकिंग करतानाच लिहून कळवा. पुढच्या दोन ओळींतली, मधल्या वाटेकडेची जागा मागा, म्हणजे काकांना पाय लांब करता येईल. दिवस मंगळवार ते गुरुवारपैकी निवडा, आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडू द्या. तोवर इथल्या शाळा उघडलेल्या असतात. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते, ते दिवस तर टाळाच. स्टोनहेंजला लागून जाणारा ए-३०३ हा रस्ता तिथे अरुंद आहे आणि सुट्टीला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तिथे बोगदा करायची योजना होती, ती सरकारने २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे ती गर्दी आहे तशीच आहे.

आता बाथरूम. हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी मोकळेपणाने विचारत नाही, तुम्ही विचारलात ते बरं केलंत. कोचमध्ये बहुधा टॉयलेट असतं, पण मधल्या दाराजवळ दोन-तीन उभ्या पायऱ्या उतरून. चालत्या गाडीत काकांनी तिकडे जाऊ नये. मोटरवेवर जी विश्रांतीची ठिकाणं असतात तिथली टॉयलेट्स फुकट आणि स्वच्छ असतात. गाडी तिथे थांबली की गरज वाटो न वाटो, उतरून जाऊन या. स्टोनहेंजच्या स्वागतकेंद्रात आणि रोमन स्नानगृहातही सोय आहे. पाण्याची सवय असेल तर पर्समध्ये एक रिकामी छोटी बाटली ठेवा, बेसिनपाशी भरून घ्यायची. माझी आई तेच करायची.

खाणं घरूनच न्या. दशम्या, मेथीचे पराठे, कोरडी चटणी, असं. बसमध्ये गरम किंवा उग्र वासाचं खाऊ देत नाहीत, पण स्टोनहेंजला बाहेर बाकं आहेत, तिथे निवांत डबा उघडता येतो. स्वेटर आणि वाऱ्याने न उलटणारी टोपी दोघांच्याही पिशवीत हवी. सॉल्सबरीचं पठार उघडं आहे, आडोसा नाही. स्लावला ऊन असलं तरी तिथे पदर आवरावा लागतो.

बस सोडून जाईल याची भीती अगदीच अनाठायी नाही. कोच थांबत नाही, हे खरंच आहे. त्यामागचं कारण सांगते, म्हणजे गाईडचा राग येणार नाही. इथे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यायचीच, असा कायदा आहे, आणि दिवसाच्या तासांवरही बंधन आहे. एका माणसासाठी अर्धा तास थांबलं तर सगळं वेळापत्रक कोसळतं. म्हणून उतरताना तीन कामं करा. बसच्या पुढच्या बाजूचा, नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढा. गाईडचा मोबाइल नंबर घ्या. आणि निघायची वेळ गाईडकडून कागदावर लिहून घ्या. तो तोंडाने वेळ सांगेल, पण बोलण्याच्या ओघात ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत आपला गोंधळ होतो. कागद-पेन पुढे केलं की कुणीही आनंदाने लिहून देतं.

इंग्रजीची चिंता करू नका. कान सरावायला अर्धा दिवस लागतो. दोन्ही ठिकाणी कानाला लावून ऐकायची माहिती मिळते, ती हवी तितक्या वेळा मागे नेऊन ऐकता येते. गाईडचं बोलणं निसटलं, तरी काही अडत नाही.

काकांना सांगा, दगड फोटोत दिसतात, पण त्यांचा आकार फोटोत कळत नाही. स्वागतकेंद्र दगडांपासून जवळजवळ दोन किलोमीटरवर आहे. तिथून छोटी बस नेते, तिच्यातच बसा, चालत जायच्या भरीस पडू नका. दगडांभोवतीची वाट सपाट आहे. मोठे दगड सरासरी पंचवीस टनांचे आहेत आणि पंचवीसेक किलोमीटरवरून, मार्लबरोजवळच्या जंगलातून आणलेले. आतले निळसर, लहान दगड मात्र वेल्समधल्या डोंगरातून आले, दोनशे किलोमीटरहून दूरवरून. मधला आडवा पडलेला दगड तर स्कॉटलंडच्या ईशान्येकडचा आहे, हे २०२४ मध्ये कळलं. हे सगळं इसवी सनापूर्वी २५००च्या सुमाराचं, म्हणजे आपलं मोहेंजोदडो भरात होतं तेव्हाचं. चाक नसताना हे कसं ओढलं, याचा हिशोब काका दिवसभर करत बसतील.

एक गोष्ट त्यांना मुद्दाम दाखवा. वाटेने फिरताना सगळ्यांत उंच एकट्या दगडाच्या माथ्यावर वाटीएवढा उंचवटा दिसतो. दाराच्या चौकटीला सुतार खाच पाडून दांडा बसवतो ना, तसा तो दगडाचा दांडा आहे. वर आडवा दगड होता, त्याच्या पोटात खाच होती. तो आडवा दगड खाली पडलाय, दांडा तसाच उरलाय. लाकडाची युक्ती त्या माणसांनी पंचवीस टनांच्या दगडात वापरली. आणि सगळी मांडणी उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि थंडीतल्या लहान दिवसाचा सूर्यास्त यांच्या रेषेवर आहे. गणिताच्या शिक्षकाला आणखी काय हवं?

मग बाथ. काकू, हे ठिकाण तुमचं आहे. रामकुंडावर वाढलेल्या बाईला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. पायऱ्या, पाणी, देवी, सगळं ओळखीचं. जमिनीतून ४६ अंशांचं गरम पाणी वर येतं, दिवसाला सुमारे पावणेबारा लाख लिटर. रोमन लोक यायच्या आधीपासून इथे सुलिस नावाची देवी होती. रोमनांनी तिला मोडीत काढलं नाही, आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडून घेतलं. मुख्य तलावाच्या काठावर उभं राहिलात की हिरव्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते आणि पायाखालचे दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड पावलांनी मधोमध झिजलेले असतात. तिथे काकांचा हात धरा, दगड ओबडधोबड आणि ओलसर आहेत. लिफ्ट आहे, विचारायला संकोच करू नका. वज्रेश्वरीच्या सवयीने पाण्यात हात घालाल, तो मात्र घालू नका. ते पाणी शुद्ध केलेलं नसतं. प्यायचं पाणी वेगळं, प्रक्रिया केलेलं मिळतं. कोमट आणि लोखंडासारख्या चवीचं. एक घोट घेऊन बघा.

आतल्या कपाटांत शिशाचे पातळ पत्रे ठेवलेत, ते चुकवू नका. असे सुमारे १३० सापडलेत. ज्याचं काही चोरीला गेलं तो देवीच्या नावाने पत्र्यावर लिहून, गुंडाळून, झऱ्यात टाकायचा. कुणाचा अंगरखा गेला, कुणाचं भांडं. दोसिमेदिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे गेले होते. चोराचं डोकं फिरू दे आणि डोळे जाऊ देत, असं त्याने लिहिलंय. आपल्याकडे कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते ऐकलंय ना तुम्ही? तेच. मी पहिल्यांदा तो पत्रा पाहिला तेव्हा, दोन हातमोज्यांसाठी इतका कळवळलेला तो माणूस मला फार जवळचा वाटला. थंडी असणार, दुसरी जोडी घ्यायची ऐपत नसणार.

आणि आता खरी सूचना. बाथहून कोचने परत येऊ नका.

तुमच्यासारख्या पश्चिमेकडे राहणाऱ्यांना ही सोय आहे आणि बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. कोच बाथहून लंडनला जाणार, तुम्ही तिथून पुन्हा स्लावला उलटे येणार, यात चार तास सहज जातात. बाथ स्पा स्टेशन स्नानगृहापासून पायी दहा मिनिटांच्या आत आहे. तिथून लंडनकडे जाणारी गाडी घ्या, रेडिंगला उतरा, रेडिंगहून स्लाव. सगळं मिळून दीड-पावणेदोन तास. मुलीने तिकिटं काही दिवस आधी ऑनलाइन काढली तर स्वस्त पडतात. सकाळी बसमध्ये चढतानाच गाईडला सांगा की आम्ही बाथला उतरून घरी जाणार आहोत, आणि उतरताना पिशव्या, टोपी, डबा सगळं बरोबर घ्या. सांगायला मात्र विसरू नका, नाहीतर तो बिचारा मोजणीत दोन माणसं कमी आली म्हणून शोधत बसेल. अशा तऱ्हेने बस चुकण्याची तुमची भीतीही गेली. बाथ स्टेशन ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेलं, तो लोहमार्गही त्याचाच. बाथ सोडल्यावर थोड्याच वेळात जवळजवळ तीन किलोमीटरचा बॉक्स बोगदा लागतो, १८४१ मध्ये खुला झालेला. काकांना खिडकी द्या.

परतीची घाई नसल्याने बाथमध्ये दोन तास जास्तीचे मिळतील. त्यात काकांना न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ नंबरच्या घरी न्या. स्नानगृहापासून सपाट वाट आहे, सावकाश चालत पंधरा मिनिटं. मुलीला आधी वेबसाइटवर ते उघडं असल्याची खात्री करायला सांगा. या घराच्या मागच्या बागेतून विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला. तो मुळात वादक होता, दुर्बिणीचे आरसे घरीच ओतायचा. तळघरात एकदा साचा फुटून वितळलेला धातू फरशीवर सांडला. त्याने तडकलेल्या फरश्या आजही तिथे आहेत. जिने अरुंद आहेत, काकांना झेपेल तेवढंच पाहू द्या. आता हे वाचून दाखवा त्यांना: हर्शेल पुढे १७८६ मध्ये राहायला गेला तो स्लावला. तिथेच त्याने चाळीस फुटी दुर्बीण उभारली, तिथेच १८२२ मध्ये वारला, आणि स्लावच्याच अप्टन भागातल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये त्याला पुरलंय. तुम्ही नातवंडांना घेऊन ज्या हर्शेल पार्कमध्ये जात असाल, ते नाव त्याचंच. त्याची बहीण कॅरोलाइन धूमकेतू शोधायची. १७८७ मध्ये राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड पगार सुरू केला. नातीला हे नक्की सांगा.

सकाळी व्हिक्टोरियाला पोहोचायचं तेवढं राहिलं. स्लावहून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन, तिथून भुयारी रेल्वेने व्हिक्टोरिया, आणि पुढे कोच स्टेशनपर्यंत दहा मिनिटं पायी. काकांच्या चालीने पंधरा धरा. बस आठला सुटत असेल तर सव्वासहाला घर सोडा. कंपनीला हेही विचारा की पश्चिमेकडे जाताना वाटेत कुठे प्रवासी घेता का. घेत असतील तर बराच वेळ वाचेल. आणि त्या दिवशी जावयांना ऑफिसला थोडं उशिरा जाऊन तुम्हाला बसपर्यंत सोडायला सांगा. इतकं मागायला काही हरकत नाही.

खर्चाबद्दल काकांना जे वाटतं ते मला कळतं. आपल्या पिढ्यांनी पौंडाला शंभराने गुणूनच इथला चहा प्यायलाय. पण मुलीला तुमच्यासाठी हे करायचंय, तिला स्वतःला यायला जमत नाही म्हणून ती हळहळत असणार. ते पैसे तिला खर्चू द्या.

ही सहल जमली आणि उत्साह वाढला, तर ऑक्सफर्डला रेल्वेनेच जा, रेडिंगला गाडी बदलून. ‘ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच दिवशी’ अशा कोच सहली असतात, त्या घेऊ नका, दोन्हींच्या मधे सव्वाशे किलोमीटर आहेत. ऑक्सफर्डला सोमरव्हिल कॉलेजच्या दारापर्यंत तरी जाऊन या. तुमच्या नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी तिथे १८८९ मध्ये कायदा शिकायला आली, तिच्याआधी तिथे कुठलीही बाई कायदा शिकली नव्हती. तिने १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण बायकांना पदवी द्यायची नाही म्हणून पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं.

आणि विंडसर? ते एखाद्या सोमवारी किंवा गुरुवारी, नाश्ता करून, आरामात. मंगळवार-बुधवार किल्ला बंद असतो. रविवारी आतलं सेंट जॉर्ज चॅपल पाहुण्यांना बंद, आणि राणी एलिझाबेथची समाधी तिथेच आहे, म्हणून रविवारही नको. किल्ल्याकडे जायला चढ आहे, वाटेत दोनदा थांबा. दारात विमानतळासारखी तपासणी असते आणि काकांचा गुडघा तिथे वाजेल. आधीच हाताने गुडघा दाखवून ‘नी रिप्लेसमेंट’ म्हणायचं, एवढं त्यांना सांगून ठेवा.

तुमची,
ताई